आमच्या डब्याला साक्षीदार मिळेना

फिलूने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अँटेना फिरवणं. मी कौलांवर फळी टाकून बसलेलो, ती खाली ओट्यावर माझा मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून उभी. पाऊस जाऊन ऊन चढलं होतं. मी दांडा जरासा फिरवायचा आणि वरून विचारायचं, "काय रंग?" ती म्हणायची, "नारिंगी." पुन्हा फिरवायचा. "आता?" "नारिंगीच." असं बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, "झाला हिरवा. उतरा आता, बोंबील तळून ठेवलेत, मऊ पडतील."

मी उतरलो, मोबाईल हातात घेतला. नारिंगी.

"हिरवा कुठे आहे?"

"मघाशी होता."

असं ती जन्मभर करत आली. मला उन्हातून खाली आणायचं असलं की टीव्हीवर चित्र आलं म्हणून सांगायची. मी बडबड केली, जेवलो, बोंबलांत मीठ जास्त झालंय म्हटलं. ती म्हणाली, "मग उद्या तुम्ही करा." दुपारी आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हटलं, तिचं तेवढंच तर चांगलं चालत होतं, गुडघे गेलेले होते. मला अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मी बोलून टाकतो.

या अंकाच्या संपादकांनी मला अँटेनाच्या धंद्यावर लिहायला सांगितलं. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. बोलतो तसं लिहिलं तर अंक कुणी घरात ठेवणार नाही, म्हणून जरा पुसून लिहितोय.

तर धंदा. वसईत निर्मळ, राजोडी, इकडे सगळ्या वाड्यांमध्ये टीव्ही आले तेव्हा घरोघर अँटेना मी चढवल्या. लोखंडी पाईप, त्यावर माशाच्या काट्यासारखी अॅल्युमिनियमची अँटेना, आणि तिचं तोंड मुंबईच्या टॉवरकडे. काम सोपं. अडचण एकच: जो वर असतो त्याला चित्र दिसत नाही, आणि ज्याला चित्र दिसतं त्याचा हात वर पोचत नाही. म्हणून हा धंदा एकट्याचा नाही. घरमालकाला खाली उभं केलं तर तो चित्र बघत बसायचा, सांगायचं विसरून जायचा. मग मी फिलूला घेऊन जायला लागलो. सायकलच्या दांड्याला पाईप बांधलेला, मागे कॅरिअरवर ती, मांडीवर अँटेना. लोक म्हणायचे, पास्कूने बायकोला पंख लावलेत. ती टीव्हीसमोर बसून ओरडायची, "मुंग्या... मुंग्या... माणूस दिसतोय पण दोन आहेत... आला, एक झाला."

गिऱ्हाइकं एकेक नग. एकाला शेजाऱ्यापेक्षा उंच अँटेना पाहिजे होती. त्याची चढवली की आठवड्यात शेजाऱ्याचं बोलावणं: आता त्याच्यापेक्षा उंच. मी पाईपला पाईप जोडत गेलो. दोघांना बजावून सांगितलं की उंचीने चित्र चांगलं होत नाही, पाईप मात्र वाकतो. दोघांनी ऐकलं नाही. जूनच्या पहिल्या वाऱ्यात दोन्ही पाईप वाकून एकमेकांच्या गळ्यात पडले. मी सोडवायला गेलो तर मालक दोघेही खाली एकमेकांच्या गळ्याला धरलेले. दुसऱ्या एका बाईने टीव्हीवर चकचकीत पत्र्याचं झाकण घातलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून. चित्र येईना म्हणून मला तीनदा बोलावलं. घरातली अँटेनाही त्या झाकणाखाली. मी तिला म्हटलं, "बाय, पत्र्यातून आवाज जात नाही नि येत नाही. हे लहान पोराला कळतं." हे वाक्य लक्षात ठेवा असं म्हणत नाही, पण मी ते छाती फुगवून म्हटलं होतं आणि पुढे गावभर सांगत फिरलो होतो.

मग केबल आली, मग गच्चीवरच्या थाळ्या आल्या, मग मोबाईल. मी घरी बसलो. वाडीतली केळी शेजारच्या जनूला करायला दिली. जनू म्हणजे जनार्दन, देवळाच्या तळ्याकडचा, माझ्याच वयाचा, आणि मला 'पास्क्या' म्हणणारा उरलेला एकमेव माणूस.

अशात वसई रोडच्या एका मोबाईलवाल्याने मला तो डबा विकला. सेट-टॉप बॉक्सएवढा डबा, सोबत हातभर लांब सफेद दांडा. तो म्हणाला, "काका, हा नोड आहे. छपरावर अँटेना लावा, इंटरनेटला जोडा, झोपेत कमवा." अँटेना हा शब्द ऐकला आणि मी पाघळलो. घरी येऊन फिलूला सांगितलं. ती म्हणाली, "झोपेत तुम्ही घोरता. त्याचे पैसे देत असतील तर ठेवा."

आता हे नोड म्हणजे काय ते मला समजलं तेवढं सांगतो. कुणाच्या शेतात पाण्याचं मोजमाप करणारं यंत्र असतं, कुणाच्या गोदामात थंडी मोजणारं. ही यंत्रं हवेत बारीक निरोप सोडतात. आपला डबा तो निरोप पकडतो आणि इंटरनेटवरून मालकापर्यंत पोचवतो. या सगळ्या जाळ्याचं ऑफिस कुठेच नाही, साहेब नाही, मुख्य टॉवर नाही. ज्याच्या घरी डबा तो त्या जाळ्याचा एक टॉवर. बदल्यात मोबाईलमध्ये टोकन जमतात. टोकन म्हणजे काय ते मी मोबाईलवाल्याला विचारलं, त्याने सांगितलं, मला कळलं नाही, मी मान हलवली. आजवर त्यातून मेथीची जुडी आलेली नाही एवढं खरं.

पण मेख दुसरीकडे आहे. साहेबच नाही तर डबा खरंच छपरावर आहे की कुणी कपाटात ठेवून फुकट टोकन खातोय, हे बघणार कोण? तर डबेच एकमेकांवर नजर ठेवतात. आपला डबा अधूनमधून हवेत हाक मारतो, "मी आहे." लांबच्या दुसऱ्या डब्याने ती ऐकली की तो म्हणतो, "ऐकलं." त्याला म्हणतात साक्षीदार. साक्षीदार मिळाला की मोबाईलवर आणि डब्याच्या दिव्यात हिरवं. इंटरनेट बंद पडलं तर लाल. आणि डबा चालू आहे, हाका मारतोय, पण ऐकणारं कुणी नाही, तर नारिंगी. शेजारच्या घरातला डबा चालत नाही, फार जवळचा साक्षीदार धरत नाहीत. हे मोबाईलवाल्याने विकताना सांगितलं नव्हतं. आमच्या बाजूला दुसरा डबाच नव्हता. म्हणजे त्या दिवशी मी छपरावर बसून दांडा जगाच्या अंतापर्यंत फिरवला असता तरी नारिंगीच राहणार होता. फिलूने मला अर्ध्या तासात उतरवलं, तिचे उपकार.

फिलू गेल्यावर रोज संध्याकाळी वाडीतली माणसं रोझरीला यायची. आमच्याकडे आल्ताराजवळ, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याजवळ, एकच प्लग, त्यात मी डबा लावलेला. मारियामातेच्या पायाशी नारिंगी दिवा लुकलुकत असायचा. वाडीतली सगळ्यात म्हातारी कॅथरीनमावशी. प्रार्थना तीच चालवते. पहिल्या दिवशी तिने त्या दिव्यालाही क्रूसाची खूण केली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला सांगितलं असावं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पास्कू, ते भूत बंद कर." मी म्हटलं, "मावशे, फिलूचा हात शेवटचा त्याला लागलाय." खरं म्हणजे तिचा हात मोबाईलला लागला होता, डब्याला नाही. पण मावशीने पुढची प्रार्थना सुरू केली.

चर्चमध्ये फिलूच्या नावाची महिन्याची मिस्सा झाली आणि माझी मुलगी रोजी विषयावर आली. ती विरारला उंच इमारतीत राहते, नवरा-बायको दोघं नोकरीला. ती म्हणाली, "पप्पा, कुलूप लावू घराला. तुम्ही आमच्याकडे चला."

मी म्हटलं, "डबा चालू आहे."

"डब्याचं काय?"

"त्याला माणूस लागतो."

तिने तिच्या मोबाईलवर शोधलं आणि मला वाचून दाखवलं: एकदा लावा आणि विसरून जा. "माणूस लागत नाही असं लिहिलंय, पप्पा."

"लिहिणाऱ्याच्या घरी हिरवा असेल. माझा नारिंगी आहे. नारिंगीला माणूस लागतो."

आमचं असं बरंच वाजलं. मला हे घर सोडायचं नव्हतं, का ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी डबा पुढे केला. रोजी आईवर गेलेली, ती ओरडत नाही, सौदा करते. म्हणाली, "ठीक आहे. नाताळपर्यंत हिरवा झाला तर तुम्ही इथे राहा, मी परत विषय काढणार नाही. नाही झाला तर डबा काढायचा आणि नाताळला माझ्या घरी यायचं. कायमचं."

मी म्हटलं, "झाला तर नाताळलासुद्धा बोलवायचं नाही."

"नाही बोलावणार."

झाला सौदा. तोंडातून वाक्य गेल्यावर मला वाटलं, शेवटचं थोडं जास्तच झालं. पण गेलं ते गेलं.

आता मला साक्षीदार पाहिजे होता. मी मोबाईलवाल्याकडून दुसरा डबा आणला. तो कुणाच्या तरी छपरावर लांब बसवायचा, एवढंच. जनूची स्कूटर होती. पहिल्यांदा राजोडीला गेलो. तिथे हेमाताई म्हणून ओळखीची कोळीण, समुद्राकडे सुरूच्या झाडांत तिने शनिवार-रविवारच्या पाव्हण्यांसाठी खोल्या बांधल्यात. तिची जुनी अँटेना मीच लावली होती, त्या ओळखीवर गेलो.

"ह्यात डोला हाय का?" ती म्हणाली.

"नाही गं. कॅमेरा नाही हा. याला डोळा नाही. फक्त ऐकतो."

"कान तर आजून वाईट. माझ्याकडं जोडपी येतात, पास्कूदादा. कोन येनार मग?"

"माणसांचं नाही ऐकत. दुसऱ्या डब्याचं ऐकतो."

"आनि काय बोलतो दुसरा डबा?"

"मी आहे, एवढंच."

ती जनूकडे बघून म्हणाली, "बायको गेल्यापासून असं करतात का हे?" जनू म्हणाला, "आधीपासून." तिने आम्हाला पाणी दिलं, सुकटीची पिशवी दिली, डबा परत दिला.

मग कामणला गेलो. तिथे गोदामं आहेत, उंच छपरं आहेत, आणि थंडी मोजणारी यंत्रं असली तर तिथेच असणार, असा माझा हिशेब. एका गोदामाच्या मॅनेजरने आत बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "अंकल, आयडिया चांगली आहे. मला काय मिळणार?"

"टोकन."

"तुमच्याकडे किती आहेत, दाखवा ना."

मी मोबाईल पुढे केला. त्याने बोटाने वर-खाली सरकवून बघितलं. मग म्हणाला, "अंकल, हे तर रिकामं आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आलोय."

चहा संपेपर्यंत तो चांगला बोलला. निघताना त्यांच्या वॉचमनने छपराखाली लावायच्या कापडाचा एक तुकडा दिला, उष्णता अडवणारा, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने सफेद. तुकडा पडून होता, मी मागितला. स्कूटरवर बसलो तसा जनू म्हणाला, "पास्क्या, एक विचारू?"

"विचार."

"निर्मळ कुठे आणि कामण कुठे? मध्ये हा एवढा डोंगर आहे. तुझी हाक डोंगर फोडून येणार होती काय?"

मी मागे वळून बघितलं. तुंगारेश्वरचा डोंगर लहानपणापासून होता तिथेच होता. जन्मभर मी लोकांना अँटेनासमोरचं झाड तोडायला लावलं. मी म्हटलं, "तू आधी का नाही बोललास?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. तू अँटेनावाला ना."

त्याच आठवड्यात आमच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, मनोरा मागायला फादरांकडे गेलो. माझी अँटेना तिथे वर चढवली असती तर हाक लांबवर गेली असती. फादर हसले. म्हणाले, "पास्कू, या मनोऱ्यावरून एक जण 'मी आहे' असं केव्हाचा म्हणतोय. त्यालाही साक्षीदार थोडेच आहेत. दुसरा कशाला चढवू?" धर्मगुरूंशी वाद घालता येत नाही. फिलू असती तर तिने घातला असता.

मग मी म्हटलं, उंची आपल्याच अंगणात वाढवू. जनूने लांब बांबू तोडून दिला. त्याच्या टोकाला अँटेना बांधली आणि बांबू अंगणात उभा केला. आमच्याकडे वाड्यांमध्ये डिसेंबरात असा बांबू उभा राहतो तो एकाच कामासाठी: नाताळचा तारा चढवायला. आणि ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं त्या घरावर तारा चढत नाही. वाडीतल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक आहे. मलाच सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत कॅथरीनमावशी चार बायका घेऊन अंगणात हजर.

"फिलू जाऊन दिवस किती झाले, पास्कू?"

"मावशे, तारा नाही. अँटेना आहे."

"दुःखाच्या घरात टीव्ही पण लावत नाहीत."

"टीव्हीची नाही. नोडची आहे."

"कसली?"

मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. साक्षीदार, हाक, हिरवा, नारिंगी, आणि रोजीचा सौदा पण. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "घर सोडून जाऊ नको, ते बरोबर आहे. बांबू राहू दे. पण ते टोकाला चमकतंय ते झाक. लोक लांबून बघतात, तारा वाटतो. फिलूला कमीपणा येतो."

फिलूला कमीपणा, म्हटल्यावर मी वाद सोडला. तिच्या ताऱ्याचं वाडीत नाव होतं, कागद कापायला बसली की जेवण विसरायची. तेव्हा मी झाकायला काहीतरी शोधलं आणि कामणच्या वॉचमनचं कापड सापडलं. चंदेरी बाजू आत, सफेद बाजू बाहेर, अँटेनाला नीट तीन वेढे दिले, वर सुतळीने बांधलं. मावशीने खालून बघितलं, म्हणाली, "आता शोभतं." मलाही बरं वाटलं.

डिसेंबर निघून चालला. साक्षीदार नाही. एकच छप्पर उरलं होतं ज्याचा विचार मी मुद्दाम करत नव्हतो. रोजीचं. तिची इमारत उंच, तिच्या गॅलरीतून आमच्या बाजूच्या माडांचे शेंडे दिसतात. लांब पण आहे, मध्ये डोंगर नाही. पण ती तर विरुद्ध पक्ष. तिला साक्षीदार व्हायला कसं सांगणार? जनू म्हणाला, "कोर्टात बोलावतात की समोरच्याला पण." मी म्हटलं, "तू कधी कोर्ट बघितलंयस?" म्हणाला, "भावांशी जमिनीची केस आहे माझी, जन्म गेला तिथे."

मी रोजीला फोन केला. ती म्हणाली, "पाठवा डबा. मी लावते." मला वाटलं, आता खोटं करेल, वायर ढिली ठेवेल. पण तिने जावयाला कामाला लावून अँटेना गॅलरीच्या बाहेर काढली, फोटो पाठवला, वायर कुठून नेली तेही दाखवलं. काम माझ्यापेक्षा साफ होतं. ती म्हणाली, "पप्पा, मी खोटं करणार नाही. हिरवा झाला तर झाला."

नाही झाला. तिच्याकडे नारिंगी, माझ्याकडे नारिंगी. दोन डबे, एकमेकांच्या समोर, दोघेही हाका मारतायत, दोघेही बहिरे. दोन्ही डबे तिच्या मोबाईलवर दिसायचे, तरी तिने रोज विचारलं, "काही हललं का?" मी म्हटलं, नाही. शेवटी शेवटी तिचा आवाजही उतरला होता. मला वाटलं होतं ती खूश होईल.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी हरलो असं मानलं. पेटी भरली. फिलूचा चष्मा घेऊ की ठेवू यात वेळ गेला, शेवटी खिशात घातला. मग बांबू उतरवायला अंगणात आलो. जनू बुंध्याला धरून, मी दोरी सोडून बांबू हळूहळू शिडीला टेकवला आणि अँटेना सोडायला शिडीवर चढलो. शिडीच्या डोक्यावरून टोक हाताला येत होतं. आधी सुतळी कापली, कापडाचे वेढे काढले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"पप्पा, काय केलंत आत्ता?" रोजी.

"काही नाही. काढतोय."

"काय काढताय?"

"अँटेना."

"काढू नका. हिरवं झालंय. इथे पण, तुमचं पण. आत्ता झालं."

मी माझ्या हातातल्या कापडाकडे बघितलं. चंदेरी बाजू वर होती. उन्हात ती अशी चमकत होती की डोळे दिपले.

"पप्पा? काय झालं?"

"मी त्याला कापड गुंडाळलं होतं," मी म्हटलं. "मावशी म्हणाली तारा वाटतो, म्हणून."

"कसलं कापड?"

"चंदेरी. अॅल्युमिनियमचं."

मग ती हसायला लागली. आईसारखीच हसते, नाक दाबून. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. खाली जनूलाही कळलं, तो बांबू सोडून अंगणात बसला, म्हणाला, "पत्र्यातून आवाज जात नाही नि येत नाही, बाय." रोजीचं हसणं थांबलं तरी तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मग ती म्हणाली, "ठीक आहे, पप्पा. शब्द म्हणजे शब्द. राहा तिथे." आणि तिने फोन ठेवला.

बांबू पुन्हा उभा केला. उघडाच. मावशीला जाऊन सांगितलं, ती म्हणाली, राहू दे, लोकांना सांगीन मी. जनूने पेटी आत नेऊन ठेवली. मी जिंकलो होतो. संध्याकाळी सगळ्या वाडीत तारे लागले, माझ्या घरावर काळोख आणि आत आल्ताराजवळ एक हिरवा ठिपका. जनू केळीला पाणी सोडून परत आला, ओट्यावर बसला.

"तोंड का असं?" म्हणाला.

"कसं?"

"हरल्यासारखं."

"ती आता विचारणार नाही."

"तूच सांगितलंस ना तसं. नाताळलासुद्धा बोलवायचं नाही."

"ते बोलायचं म्हणून बोललो."

"तू सगळं बोलायचं म्हणूनच बोलतोस, पास्क्या." मग म्हणाला, "डबा लावा आणि विसरून जा, असं आहे ना? मग त्याला तुझं काम काय?"

"काही नाही."

"केळी माझ्याकडे. डबा आपला आपण चालतो. घर कुठे पळून जात नाही." तो उठला. "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे, एवढं सांगतो."

नाताळच्या सकाळी पहाटेची मिस्सा झाली, फिलूच्या थडग्यावर मेणबत्ती लावली आणि जनूच्या मागे स्कूटरवर बसलो. हातात केळ्यांची फणी, त्याच्याच केळींची, पैसे घेतले नाहीत. रोजीच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. मी दोनदा जिन्यात बसलो. वर पोचून बेल वाजवली. रोजीने दार उघडलं, विस्कटलेले केस, हातात मोबाईल.

"पप्पा? तुम्ही घरी आहात ना? मी आत्ताच बघितलं, तुमचं हिरवं आहे."

"तो घरी आहे," मी म्हटलं. "मी इथे आलोय. मला कुणी बोलावलेलं नाही, तेव्हा सौदा मोडला नाही. चहा टाक."